पेर साधणारी मदत

रोममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ रोजी मोझांबिकचे राष्ट्राध्यक्ष जोआकिम शिसानो आणि रेनामो या बंडखोर संघटनेचे नेते अफोन्सो ड्लाकामा यांनी करारावर सह्या केल्या आणि पंधरा-सोळा वर्षं चाललेली यादवी थांबली. मोझांबिकमध्ये हा दिवस राष्ट्रीय सुट्टीचा असतो. मुत्सद्देगिरीचे अभ्यासक या तारखेचं श्रेय सांत एजिदियो या कॅथलिक संस्थेला देतात. तिच्या रोममधल्या वास्तूत दोन वर्षांहून अधिक काळ वाटाघाटींच्या फेऱ्या झाल्या होत्या, आणि ते श्रेय रास्तच आहे. शेतकऱ्याच्या नजरेनं पाहिलं, तर मात्र या तारखेत आणखी एक गोष्ट दिसते. मोझांबिक विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे आणि तिथं पावसाला ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरुवात होते. आपल्याकडं ऐन मृगाच्या तोंडावर भांडण मिटावं, तसा हा करार होता. मलावीतल्या छावण्यांमधली माणसं सरकारी याद्यांची वाट न बघता निघाली. बऱ्याच घरांनी आधी एखादा धडधाकट माणूस पुढं धाडला. त्यानं रान साफ करून थोडं पेरलं आणि मग मागून बायकामुलं आली. पुढच्या चार वर्षांत सहा शेजारी देशांतून सुमारे १७ लाख निर्वासित परतले. देशातल्या देशात परागंदा झालेले लोक त्याच्या दुपटीहून जास्त होते, तेही आपापल्या गावांकडं वळले. यांतले बहुसंख्य स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या हिशेबानं परत आले. यादवीनंतरच्या पुनर्बांधणीत परक्या मदतीचा वाटा नेमका किती आणि कसला, हे तपासायचं तर या चालत निघालेल्या माणसांपासूनच सुरुवात करावी लागेल. जी मदत त्यांच्या पेरणीआधी, त्यांच्या हातात आणि त्यांच्या मर्जीवर सोडून पोचली तिनं देश उभा राहिला, आणि जी मदत ठरवण्याचा अधिकार स्वतःकडं ठेवून आली तिनं काही ठिकाणी उभं राहिलेलंही मोडलं, असं मला पुराव्यावरून वाटतं.

मोझांबिकचं आणि आपलं नातं जुनं आहे. १७५२ पर्यंत पोर्तुगीजांचा हा मुलूख गोव्यातून चालवला जात होता, आणि झांबेझी नदीकाठच्या जहागिरींवर गोव्याकडून गेलेली माणसंही नांदली. २५ जून १९७५ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा फ्रेलिमो पक्षाच्या नेतृत्वाजवळ अकिनो द ब्रागांसा हे गोव्यात जन्मलेले विचारवंत होते. राष्ट्राध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर १९ ऑक्टोबर १९८६ च्या विमान अपघातात तेही गेले. स्वातंत्र्य मिळताच लाखो पोर्तुगीज देश सोडून गेले आणि जाताना दुकानदार, यंत्रकारागीर, डॉक्टर अशी सगळी फळीच गेली. शेजारच्या ऱ्होडेशियातल्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेतल्या, गोऱ्या राजवटीच्या गुप्तहेर खात्यानं रेनामो उभी केली, कारण माशेल यांनी झिंबाब्वेच्या स्वातंत्र्यसैनिकांना आसरा दिला होता. १९८० नंतर तिचा पोशिंदा झाला दक्षिण आफ्रिकेचा वर्णभेदी लष्करी विभाग. पण सगळं खापर बाहेरच्यांवर फोडून चालणार नाही. फ्रेलिमोनं लोकांना विखुरलेल्या वाड्यांमधून उठवून सामुदायिक खेड्यांत बसवलं, पिढीजात गावमुखियांचा मान काढून घेतला, पूर्वजांच्या पूजाअर्चेला अंधश्रद्धा ठरवलं. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्तियां जेफ्रे यांनी नामपुला प्रांतात राहून दाखवून दिलं, की या दुखावलेल्या गावांमध्येच रेनामोला पाय रोवायला जागा मिळाली. हे लक्षात ठेवायला हवं, कारण लोकांच्या वतीनं वरून ठरवण्याची जी सवय युद्धाला खतपाणी घालून गेली, तीच पुढं मदतीच्या वेशात परत येणार होती.

युद्धात गेलेल्या जिवांचा अंदाज १० लाखांच्या घरातला आहे. त्यात गोळीनं मेलेल्यांपेक्षा भुकेनं आणि आजारानं मेलेले जास्त. रेनामोचे हल्ले नेमक्या जागी होत: शाळा, दवाखाना, गावचं दुकान, रस्ता, रेल्वेचा पूल. म्हणजे गावाला सरकारशी जोडणारा एकेक धागा. अशा देशात १९८० च्या दशकाच्या मध्यापासून परक्या मदतीचा ओघ सुरू झाला आणि तो आला मुख्यतः धान्याच्या रूपानं. त्या मदतीनं लाखो जीव वाचवले. १९९१-९२ साली आफ्रिकेच्या दक्षिणेत त्या शतकातल्या सर्वांत भीषण दुष्काळांपैकी एक पडला, तेव्हा बंदरांत उतरलेलं धान्य नसतं तर करारापर्यंत जिवंत राहणंच अनेकांना जमलं नसतं. मदतीवर टीका करणाऱ्या लेखनात ही गोष्ट फार चटकन ओलांडली जाते, ते बरोबर नाही. तरीही मरण टाळणं आणि घडी बसवणं ही दोन कामं वेगळी. मदतवाटपासाठी सरकारनं आपत्ती निवारणाचं एक खातं उभारलं होतं, आणि ‘कालामिदाद’, म्हणजे आपत्ती, हा शब्द लोकांच्या बोलण्यात इतका रुळला की परदेशातून गाठोड्यांनी येणाऱ्या जुन्या कपड्यांनाच तिथं ‘कालामिदादेस’ म्हणू लागले. बाजारात आजही तो शब्द ऐकू येतो: अंगातला सदरा कुठला, तर आपत्तीचा. मक्याचंही तसंच. मोझांबिकच्या माणसाच्या जेवणात पांढरा मका. अमेरिकेतून मदत म्हणून आला तो पिवळा. शहरातल्या गरिबांना तो स्वस्त मिळाला, त्यांचं पोट भरलं. पण राजधानी मापुतोला जहाजानं आलेला मका स्वस्त पडत होता, आणि देशाच्या उत्तरेत पिकलेला मका रस्ते उखडल्यामुळं दक्षिणेत पोचतच नव्हता. युद्ध संपल्यावर उत्तरेचा शेतकरी पुन्हा पिकवू लागला तेव्हा त्याची अडचण पिकाची नव्हती, गिऱ्हाइकाची होती. धान्याची मदत भुकेच्या दिवसांत औषध होती. तीच चालू राहिली असती तर शेतकऱ्याच्या मालाला भाव उरला नसता. पत्रे, तेल, साबण असं जे जे वरून आलं त्याचा वाटपाधिकार ज्याच्या हाती, तो गावात मोठा झाला, ही तक्रारही त्या वर्षांतलीच.

परतणाऱ्यांना जे मिळालं त्यात सगळ्यांत मोलाचं काय होतं, हे पाहताना एक साधी पिशवी समोर येते: थोडं मक्याचं किंवा ज्वारीचं बी, चवळीसारखं एखादं कडधान्य, रुंद पात्याची एक कुदळ, एक कोयता. मोझांबिकच्या लहान शेतकऱ्याला नांगर ठाऊक नाही असं नाही. पण बैल युद्धात खाल्ले गेले होते, आणि त्सेत्से माशीच्या पट्ट्यात ते आधीही टिकत नसत. सगळी शेती कुदळीवर आणि त्यातली बरीचशी बाईच्या हातची. ‘एन्शादा’ म्हणतात त्या कुदळीला आखूड दांडा असतो, कमरेत वाकून ओल्या मातीत ती मारायची, ढेकूळ उलटायचं, टाचेनं खड्ड्यावर माती लोटायची. दांडा गावाकडच्या झाडाचा निघतो. पातं मात्र लोखंडी, आणि लोखंड विकणारं दुकान जळून गेलेलं. म्हणून पात्याला इतकं महत्त्व. ही वस्तू घेणारीनं कुठं पेरायचं, किती पेरायचं, माहेरच्या रानात की सासरच्या, याबद्दल देणाऱ्याला कुणी विचारायला जात नव्हतं. पिशवी डोक्यावर मावत होती, आणि दोन बहिणींत वाटून घेता येत होती. बी संपलं तरी कुदळ पुढची काही वर्षं राहत होती. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितविषयक संस्थेनं परतीच्या पट्ट्यांमध्ये जे काम केलं, त्यातही मला हाच गुण दिसतो. माणसांना ट्रकनं वाहून नेण्याचा खर्च तिनं आवरता घेतला, कारण माणसं निघालीच होती. त्याऐवजी विहीर, हातपंप, दोन खोल्यांची शाळा, नाल्यावरचा छोटा पूल अशी शेकडो बारकी कामं थेट लोक उतरत होते त्या जिल्ह्यांत काढली. लोक कुठं चालले आहेत ते बघून मदत त्यांच्या मागून गेली. याच्या उलट क्रम, म्हणजे आधी वसाहत आखायची आणि मग लोकांना तिथं बोलवायचं, फ्रेलिमोच्या सामुदायिक खेड्यांनी एकदा करून दाखवला होता आणि त्याचं फळ सगळ्यांनी भोगलं होतं.

यावर सरळ आक्षेप असा, की कुदळीचं कौतुक कशाला, पाऊस पडला म्हणून पीक आलं. १९९२ च्या दुष्काळानंतरचा हंगाम खरोखरच बरा गेला, आणि बंदुका थांबल्यावर पाऊस पडला तर कुणीही पेरलंच असतं. या आक्षेपात तथ्य आहे. मदत नसती तरी लोक परतले असते, याबद्दल मलाही शंका नाही. पण पावसाचा फायदा घ्यायला त्या दिवशी हातात बी असावं लागतं. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही: पहिली पेर हुकली, की दुबार पेरणीचं बी कुणाच्या तरी दारात जाऊन आणावं लागतं आणि पीक हाती येण्याआधीच त्यातला वाटा ठरून जातो. मोझांबिकच्या परतलेल्या घराकडं पेव नव्हतं, उधार देणारा दुकानदार नव्हता, शेजारीही तितकाच उघडा. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं बियाणं म्हणून राखलेला मूठभर दाणाही खाऊन टाकायला लावला होता. त्या एका हंगामापुरती जोखीम कुणीतरी उचलायला हवी होती, आणि तेवढी ती पिशवीनं उचलली. मदतीचा वाटा मी एवढाच मानतो. तो लहान आहे, पण त्याच्या वेळेला पर्याय नव्हता. बी नोव्हेंबरात मिळणं आणि तेच बी फेब्रुवारीत मिळणं यांत एका वर्षाच्या उपासमारीचं अंतर आहे, आणि जिथं ट्रक चिखलात रुतल्यानं ते उशिरा पोचलं तिथं लोकांनी ते शिजवून खाल्लं, यात त्यांचं काही चुकलं नाही.

आता सैनिकांकडं वळू, कारण इथला अनुभव जास्त वादग्रस्त आणि म्हणून जास्त शिकवणारा आहे. करारानुसार दोन्ही सैन्यं मोडून एक नवं सैन्य उभं राहायचं होतं. आल्दो आयेल्लो या इटालियन मुत्सद्द्याच्या नेतृत्वाखाली संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आली. तिच्यात भारतीय लष्कराच्या अभियंत्यांची तुकडीही होती. ४९ ठिकाणी सैनिकांना गोळा करायचं, शस्त्रं उतरवून घ्यायची, नावं लिहायची आणि घरी पाठवायचं, अशी योजना. १९९४ च्या पूर्वार्धात या तळांवर वाट बघून कंटाळलेल्या सैनिकांनी ठिकठिकाणी बंडाळी केली. नवं सैन्य ३० हजारांचं ठरलं होतं; त्यात जायला जेमतेम १२ हजार तयार झाले, बाकीच्यांना घरी जायचं होतं. सुमारे ९० हजार सैनिक मोकळे झाले. त्यांच्यासाठी काय करावं यावर देणगीदारांमध्ये बराच खल झाला. व्यवसाय शिक्षण, सहकारी शेतं, सार्वजनिक बांधकामं असे नेहमीचे प्रस्ताव होते. शेवटी जे ठरलं ते अगदी साधं: सहा महिन्यांचा पगार सरकारनं द्यायचा, त्यापुढचे अठरा महिने परदेशी निधीतून द्यायचे, आणि ही रक्कम सैनिकानं स्वतः निवडलेल्या जिल्ह्यातल्या बँकेत दर दोन महिन्यांनी मिळायची. सोबत नागरी कपडे, काही महिन्यांचं धान्य आणि तीच बी-अवजारांची पिशवी. ‘पैसे द्या आणि पांगवा’ असं या योजनेचं वर्णन त्या काळी होत असे. म्हणणाऱ्याच्या मनात त्यात थोडी तुच्छता होती, पण योजनेचं मर्म त्यातच आहे. हप्त्याची रक्कम घ्यायला माणूस ज्या तालुक्याच्या गावी यायचा तिथंच ती खर्चही व्हायची. पत्रे, बकऱ्या, मीठ, साखर, लग्नाचं देणं. दुकानं पुन्हा उघडायला हे गिऱ्हाईक कामी आलं. आणि एकाच तुकडीतली माणसं दूरदूरच्या गावांत विखुरली, त्यामुळं तुकडी म्हणून ती उरली नाही.

या योजनेवरचे आक्षेप हलके नाहीत. ज्यानं गाव जाळलं त्याला दोन वर्षांचा पगार, आणि ज्याचं घर जळलं त्याला एक कुदळ, हा कुठला न्याय? रेनामोचा राजकीय पक्ष व्हावा म्हणून वेगळा निधी काढून दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम त्याच्याकडं वळवण्यात आली, ही तर उघड किंमत मोजणं झालं. त्याहून जिव्हारी लागणारी बाब बायकांची. रेनामोच्या तळांवर पळवून नेलेल्या कितीतरी मुली स्वयंपाकाला, ओझी वाहायला आणि सैनिकांच्या बायका म्हणून राबल्या; त्यांच्याकडं बंदूक नव्हती म्हणून बहुतेकींचं नाव कोणत्याही यादीत लागलं नाही आणि त्यांना ना पगार मिळाला ना पिशवी. हा अन्याय मी कोणत्याही हिशेबात वजा करू शकत नाही. योजना कुणासाठी आखली गेली, तर ज्याच्यापासून धोका आहे त्याच्यासाठी. ज्यांच्यापासून धोका नव्हता त्या विस्मरणात गेल्या. पण आक्षेपाचा रोख नीट पाहिला तर तो रोख रक्कम देण्याच्या पद्धतीवर नाही, यादी कशी झाली त्यावर आहे. त्या मुलींनाही तीच रक्कम, तशीच, त्यांच्या पसंतीच्या गावी मिळायला हवी होती. दक्षिण मोझांबिकात बायकांची भिशी जुनी आहे, तिला ‘शितिक’ म्हणतात. दर आठवड्याला किंवा महिन्याला सगळ्यांनी ठरावीक रक्कम टाकायची आणि पाळीपाळीनं एकीनं उचलायची. ज्या समाजात पैसा हाताळण्याची अशी रीत आहे, तिथं बाईच्या हाती रक्कम दिली तर ती उधळली जाईल हे भय निराधार होतं. राहिला प्रश्न दडवलेल्या शस्त्रांचा. संयुक्त राष्ट्रांनी गोळा केलेल्या बंदुकांपैकी बऱ्याच नष्टच झाल्या नाहीत, आणि जमिनीत पुरलेल्या तर मोजणीबाहेरच राहिल्या. त्या बाहेर काढायला १९९५ मध्ये अँग्लिकन बिशप दिनिस सेंगुलाने यांच्या पुढाकारानं तिथल्या ख्रिस्ती परिषदेनं जी मोहीम काढली तिचा सौदा पुन्हा तोच होता: बंदूक आणून द्या आणि कुदळ, शिवणयंत्र, सायकल किंवा छपराचे पत्रे घेऊन जा. कापून टाकलेल्या त्या बंदुकांच्या तुकड्यांपासून केस्टर या कलाकारानं २००१ मध्ये बनवलेली खुर्ची आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिचे हात आणि पाठ, सगळं बंदुकांच्याच भागांचं. यातली एकही मोझांबिकमध्ये बनलेली नव्हती.

पैशानं आणि बियाण्यानं जे होण्यासारखं नव्हतं, ते गावांनी स्वतः केलं, आणि मदतीचं मोठेपण इथं बाजूला उभं राहण्यात होतं. युद्धावरून परतलेल्या मुलाच्या अंगावर मेलेल्यांचे आत्मे चिकटून आलेले असतात, त्यांचं शमन केल्याशिवाय तो घरात आला तर सगळ्या कुळाला पीडा होते, अशी तिथली श्रद्धा. मोझांबिकच्या मानववंशशास्त्रज्ञ अल्सिंदा ओन्वाना यांनी दक्षिण भागातला जो विधी नोंदवला आहे त्यात घरापासून दूर गवताची लहानशी खोप बांधतात. मुलगा युद्धातले कपडे घालून तिच्यात जातो, ते उतरवतो, खोपीला आग लावतात आणि घरचं कुणीतरी त्याला बाहेर काढतं. मग औषधी मुळ्यांचा धूर, अंघोळ. त्यानं मागं वळून बघायचं नाही. काय केलंस, किती मारलेस, हे कुणी विचारत नाही. पाश्चात्त्य मानसोपचाराला नेमकं हेच खटकलं, कारण त्याची सगळी भिस्त बोलून मोकळं होण्यावर. या विधीनं सगळं दुखणं जातं असं मी म्हणणार नाही. पण एक पुरावा विचार करायला लावणारा आहे. रेनामोच्या तळांवरून सुटलेल्या ३९ मुलांना १९८८ मध्ये मापुतोतल्या ल्हांगेने केंद्रात ठेवलं होतं, आणि नील बूथबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा वर्षं त्यांचा मागोवा घेतला. बहुतेक जण संसाराला लागले होते, पोट भरत होते, बाप म्हणून नीट वागत होते. वाईट स्वप्नं उरली होती. ज्यांनी तळावर जास्त काळ काढला त्यांची वाट जास्त खडतर गेली. पण आपलं काय बरं झालं हे सांगताना या माणसांनी गावानं परत घेतल्याचा, विधींचा, हाताला मिळालेल्या कामाचा उल्लेख केला. केंद्रानं त्यांना जे दिलं त्यात सगळ्यांत उपयोगी होतं ते घर शोधून तिथं पोचवणं.

परतल्यावर जमीन कुणाची, हा वाद लगेच उभा राहिला. युद्धकाळात राजधानीतल्या कचेऱ्यांनी रिकाम्या दिसणाऱ्या रानांचे पट्टे बाहेरच्या कंपन्यांना आणि वजनदार माणसांना देऊन टाकले होते; कागदावर रिकामी असलेली ती रानं कुणाची तरी वहिवाटीची होती. १९९७ च्या जमीन कायद्यानं मालकी सरकारकडंच ठेवली, पण रूढीनं किंवा दहा वर्षं प्रामाणिकपणे कसलेल्या जमिनीचा हक्क कागद नसतानाही मान्य केला, गावातल्या माणसांची तोंडी साक्ष पुरावा म्हणून ग्राह्य धरली आणि बायकांना तो हक्क बरोबरीनं दिला. कायद्याचा मसुदा करायला परदेशी तज्ज्ञांची मदत होती, पण त्याची माहिती खेडोपाडी पोचवली ती देशातल्या दोनशेच्या आसपास संस्था-संघटनांच्या मोहिमेनं. अंमलबजावणी कमी पडली, आजही पडते. तरी ‘ही विहीर माझ्या आजीनं खणली’ एवढं म्हणणं कायद्यात बसतं, हे यादवीतून आलेल्या देशात थोडं नव्हे.

आणि मग काजू. हे झाड पोर्तुगीजांनीच ब्राझीलमधून आणून गोव्यात लावलं आणि मोझांबिकमध्येही, त्यामुळं कोकणातल्या वाचकाला ही कहाणी परकी वाटायची नाही. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला मोझांबिक जगात काजूच्या अव्वल उत्पादकांमध्ये होता. युद्धात झाडं म्हातारी झाली, विकत घेणारे व्यापारी पळाले. शांतता आल्यावर सरकारनं आजारी कारखाने देशातल्याच उद्योजकांना विकले आणि बी फोडण्याचं काम पुन्हा सुरू झालं, त्यात बायकांची संख्या मोठी. १९९५ मध्ये जागतिक बँकेनं कर्जाची अट घातली, की कच्च्या बीच्या निर्यातीवरचा कर उतरवा. युक्तिवाद पोकळ नव्हता: कारखान्यांना संरक्षण मिळतं म्हणून शेतकऱ्याला कमी भाव मिळतो, बी खुली विकू द्या म्हणजे गरिबाच्या खिशात पैसा जाईल. बी खुली झाली आणि जहाजं भरून भारताकडं निघाली. काही वर्षांत कारखाने एकामागून एक बंद पडले आणि दहा हजारांच्या आसपास कामगारांपैकी बहुतेकांचं काम गेलं. मॅकमिलन, रॉड्रिक आणि वेल्च या अर्थशास्त्रज्ञांनी नंतर हिशेब मांडला, तर काजू पिकवणाऱ्या सरासरी घराला वर्षाकाठी पाच डॉलरच्या आसपास फायदा झालेला निघाला. संसदेनं विरोध केला आणि पुढं निर्यातकर वाढवला, पण तोवर यंत्रं गंजली होती. आज गोवा-सिंधुदुर्गातल्या कारखान्यांतही आफ्रिकेची बी फोडली जाते, आणि ती फोडणाऱ्या आपल्या बायकांना दोष देण्यासारखं त्यात काही नाही. खटकतं ते असं, की कर्ज देणाऱ्यानं शेतकऱ्याचं भलं कशात आहे हे स्वतः ठरवलं, आणि ज्या देशात कामगार, कारखानदार, संसद तिन्ही नको म्हणत होते तिथं तो निर्णय मदत रोखण्याच्या धाकावर लादला. कुदळीच्या पिशवीच्या शेजारी ही अट ठेवून बघितली, की एकाच देशात, एकाच दशकात, मदत या एकाच नावानं केवढ्या वेगळ्या गोष्टी आल्या ते दिसतं.

सर्वांत मोठा आक्षेप आता येतो. मोझांबिकचं उदाहरण यशाचं मानायचं तरी कसं? २०१३ मध्ये रेनामो पुन्हा रानात गेली आणि अंतिम करार व्हायला ६ ऑगस्ट २०१९ उजाडला. दरम्यानच्या काळात संसदेपासून लपवून काढलेल्या सुमारे २ अब्ज डॉलरच्या कर्जांचं प्रकरण फुटलं आणि देणगीदारांनी अर्थसंकल्पाला द्यायची मदत थांबवली. ऑक्टोबर २०१७ पासून उत्तरेच्या काबो देल्गादो प्रांतात नवा सशस्त्र उठाव सुरू आहे. हे सगळं खरं. पण या घटनांच्या मुळाशी गेलं तर सत्ता आणि खनिजांचा पैसा काही मोजक्या हातांत राहिल्याची तक्रार सापडते. १९९२ नंतर पेरत गेलेल्या गावांनी यादवी परत आणली असं दिसत नाही. २०१३ नंतरच्या चकमकी मोठ्या युद्धात बदलल्या नाहीत, कारण पांगलेले सैनिक आता पन्नाशीचे शेतकरी झाले होते आणि बहुतेकांना परत जायचं नव्हतं. गावांनी बसवलेली घडी टिकली. विस्कटली ती राजधानीची. सुरुंग काढण्याचं काम तेवीस वर्षं धीरानं चाललं, त्यात टांझानियात शिकवून तयार केलेले मोठे उंदीरही वास घेत हिंडले, आणि १७ सप्टेंबर २०१५ रोजी देश सुरुंगमुक्त जाहीर झाला तेव्हा रेल्वेपुलांच्या आणि विजेच्या खांबांच्या पायथ्याशी सोडून दिलेली जमीन लोकांनी आपापल्या रानाला जोडून घेतली.

काबो देल्गादोत पुन्हा लाखो माणसं घरं सोडून निघाली आहेत. त्यांतल्या बहुसंख्यांना छावणीआधी नातेवाइकांनी आपल्या अंगणात जागा दिली, एकेका घरात तीन-चार कुटुंबं. मोसिंबुआ द प्राया आणि पाल्माच्या किनाऱ्यावरून आलेल्यांमध्ये मच्छीमार पुष्कळ आहेत. समुद्रापासून आत, नव्यानं आखलेल्या वस्त्यांमध्ये त्यांना घरासाठी आणि शेतासाठी जमिनीचे तुकडे देण्यात आले, बी आणि कुदळी देण्यात आल्या. काहींना जाळी आणि होडीचं सामानही मिळालं, ते किनाऱ्याजवळ राहिलेल्यांना. आत वसवलेल्यांपैकी कितीतरी माणसं संधी मिळताच, रस्ता पुरता सुरक्षित व्हायच्या आत, किनाऱ्याकडं परत चालू लागली.